मोठ्यानं म्हन

(महाळुंगे, १९५५. म्हसोबाच्या जत्रेची सकाळ. मुलाण्याच्या घराची ओटी.)

ज्योतीराम : तसं न्हाई रे शौकत. हुतूतूच्या संघातनं काढलं म्हंजी यंदापुरतं काढलं.

शौकत : चाकणच्या पोरांचे निम्मे गडी गेल्या जत्रंत मी मारले. मंग काढलं का?

ज्योतीराम : रंगराव म्होरक्या हाय. तो म्हनला, चढाईला जाताना शौकत तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हंतो. म्हसोबाम्होरं हुतूतू, तितं तसलं नाव नगं.

शौकत : हायस्कुलात गेल्यापास्नं लईच ऐकू याला लागलंय त्याला. आन् पोरं?

ज्योतीराम : समदी व्हय म्हनली.

शौकत : तू बी?

ज्योतीराम : मी हळूच म्हनलो.

शौकत : वाईट वाटलं गड्या. त्याचं न्हाई, तुझं.

ज्योतीराम : ते ऱ्हाऊ दे आता. तुझा बा कुटंय? बकरं बांधून ठेवलंय, समदी खोळंबल्यात.

शौकत : बा पिंपरीला गेलाय, कारखान्याच्या बांधकामावर. सांजंला यील.

ज्योतीराम : मंग तूच चल की. बानं शिकवलंय न्हवं तुला?

शौकत : रंगरावाला सांग कापायला. म्होरक्या हाय.

ज्योतीराम : तो एका पायावर तयार हाय. पर त्याचा आजाच आडवा आलाय. मुलाण्यानं कापल्याबिगर हिंदुरावआबा घास तोंडात घालत न्हाईत. म्हंत्यात, वाडवडलांपास्नं चालत आलंय, मोडायचं न्हाई.

शौकत : नुसतं कापून भागतं व्हय आबांचं?

ज्योतीराम : म्हंजी?

शौकत : सुरी फिरवताना बा काय म्हंतो, तुला ठावं हाय.

ज्योतीराम : हाय ठावं.

शौकत : मंग सांग की.

ज्योतीराम : बिस्मिल्ला म्हंतो.

शौकत : म्हसोबाम्होरंच न्हवं?

ज्योतीराम : आता शब्दात नगं धरू राव. चुली पेटल्यात.

शौकत : बकरं कापतो. दुपारच्याला खेळायला घेता?

ज्योतीराम : रंगराव ऐकायचा न्हाई.

शौकत : तू सांगून तर बघ.

ज्योतीराम : पुढल्या साली बघू.

शौकत : बरं. थांब, सुरी घेतो. गावाचं काम हाय, न्हाई म्हनलं तर बा मलाच सोलंल.

ज्योतीराम : लई उपकार झाले बघ.

शौकत : येक सांग. पोरं भवतीनं उभी असतील, रंगराव बी असंल. म्हनू कसं? तोंडातल्या तोंडात?

ज्योतीराम : छ्या, मोठ्यानं म्हन. हिंदुरावआबांना कमी ऐकू येतं.