कुणीच न ऐकलेली बाई

कानाच्या दवाखान्यात नर्स रिपोर्ट घेऊन बाहेर आली, तर हेडफोन लावलेल्या काकांची गाडी शेजारी बसलेल्या काकूंपुढे सुसाट सुटली होती. मध्ये तोंड कुठे घालावं, तिला कळेना.

"ब्लूज गाते ही, अमेरिकेतली दुःखाची गाणी. कुणाला नावसुद्धा माहीत नाही, मी शोधून काढली!"

"अहो, मी काय म्हणते..."

"थांब गं, बँड थांबतो नि ही एकटीच गाते, ती जागा येतेय. वीस वर्षं नवऱ्याने हिचं ऐकलंच नाही, म्हणून गायला लागली."

"मग तरी ऐकलं त्याने?"

"छे! दगड होता मेला."

नर्स खाकरली. "काका, तुमचे कान अगदी ठणठणीत आहेत."

"बघ! आणि म्हणे, हाक मारली तर ऐकू येत नाही."

"तो कागद माझ्याकडे द्या, सिस्टर. इतकी वर्षं मी उगाच यांच्या कानांना दोष देत होते."