साक्षीला म्हातारे नेले तेव्हा

मी तळवलीची, माहेर हितंच, सासरबी हितंच, चार घरं सोडून. बाप गेला तवा भावानं बोलावलं, हिरवी साडी नेसवली, ओटी भरली, जेवू घातलं नि म्हनला जने, हितं अंगठा लाव. त्याला हक्कसोड म्हनतात. मी लावला, आमच्यात बहिनी लावतातच, न लावनारी वाईट ठरते. काय सांगू तुमाला, ती साडी पयल्या धुन्यात गेली, रंग सगळा बादलीत, नि भावाचं घर अजून उभं हाय.

म्हनून नवऱ्यानं हे घर माझ्या नावावर बांधलं तवाच ठरवलं, माझ्या लेकीची, सुगंधाची, साडीवर बोळवन करायची नाय. तीन खोल्या, तीन पोरं, एकेकाला एक. पन थोरला बाळ्या म्हनतो आये, आताच बक्षीसपत्र कर, आमा दोगा भावांच्या नावावर, सुगंधाला आमी साडी घेऊ. मी म्हनलं कंची, हिरवी का?

मग मी नेरूळला वकीलीनबायकडं गेली. ती म्हनली आजी, बक्षीस दिलं की घर आजच हातातनं गेलं, परत मागायचं तर कोर्टाच्या पायऱ्या. मृत्युपत्र केलं तर जिवंत हाय तवर घर तुमचं, मन बदललं तर कागद बदला, टेन्शन नाय. फक्त दोन साक्षीदार आना, तुमी सही करताना बघतील असे.

आता आमच्याकडं साक्ष म्हनजे पंच, नि पंच म्हनजे म्हातारा. मी गावातले सगळ्यात म्हातारे दोन निवडले, हिरामामा नि गनूकाका, नव्वदीच्या घरातले. पांढऱ्या टोप्या, धुतलेले सदरे, दोगांना रिक्षात बसवून नेलं, काठ्या माझ्या मांडीवर. वकीलीनबाय बघतच रायली. मला बाजूला घेऊन हळूच म्हनली, आजी, साक्षीदार तुमच्या मागं जगायला हवेत, उद्या पोरं भांडली तर कोर्टात येऊन सांगनार कोन? हिरामामाला ऐकू येत नाय, लग्नाचा बेंडबाजा येत नाय, पन हे बरोबर आलं. म्हनला, मी हिच्या आधी मरनार हे कोनी ठरवलं? हिला तं शुगर हाय.

दोगांना उसाचा रस पाजून परत आनलं. मग शेजारची तरनी सून नि गल्लीतली डाक्टरीनबाय साक्षीला घेतली. कागद सरकारी हापिसात नोंदवला. या टायमाला अंगठा नाय, सही केली, नातीनं शिकवली.

तिसऱ्या दिवशी बाळ्याच्या बायकोनं कोलंबीचं कालवन आनून दिलं, नि म्हनली आत्या, कागद बदलता येतो म्हनं. मी म्हनलं येतो की, पन कालवनात मीठ कमी हाय.

हिरामामा मातर रुसला तो रुसलाच. रोज सकाळी काठी आपटत दारावरनं जातो नि वरडतो, जने, हाय ग मी अजून. मी म्हनते ऱ्हा मामा, शंभरी कर. सुगंधा तिच्या खोलीत चूल मांडंल ते बघायला मी नसेन, तू बघ.