विमानात बोलायचं नाही

(चिमूर, १९८४ साल. मनकर्णाबाईंच्या घराचा मागचा ओटा. मुलगा खुशाल, सून वच्छला आणि दोन नातवंडं सकाळीच दिल्लीहून आली आहेत. वच्छला आत तान्ह्याला पाजते आहे. चार वर्षांची सुजी तिच्याजवळ.)

मनकर्णा : मंग पोरीची जीभ का दिल्लीलेच ठेवून आले तुमी?

खुशाल : दमली आहे गं ती. प्रवास झाला ना.

मनकर्णा : कायचा प्रवास? इमानात बसून आली, का नांगर धरून आली? बोरं देल्ली, घेतली नाई. मांडीवर ये म्हनतलं, त वच्छलाच्या मांगं लपली.

खुशाल : सहा महिने झाले तिला इथून जाऊन. विसरली असेल तुला.

मनकर्णा : माह्या कानाची पाळी धरल्याबिगर झोपत नव्हती थे. वच्छलाले बारक्याच्या वक्ती उठबस मना होती, तवा वरीसभर मीच सांभाळलं न तिले? इसरलेलं लेकरू रडते, खुशाल. हे रडून नाई राह्यलं. माह्याकडं पाह्यते न तोंडावर हात ठेवते. मले भेते का थे?

खुशाल : तुला कशाला भिईल?

मनकर्णा : थेच त इचारून राह्यली. मी का केलं तिले?

खुशाल : तू काही नाही केलंस, आई.

मनकर्णा : मंग कोनं केलं?

खुशाल : वच्छला काही बोलली का तुला?

मनकर्णा : वच्छला का बोलते? बारक्याले पाजते न डोळे पुसते. परवा तुमी जानार. पोरगी अशीच मुकी गेली त मले इथी अन्न गोड लागन का? सांग मले. खाली नोको पाहू.

खुशाल : विमानात जरा झालं. लहानशी गोष्ट आहे.

मनकर्णा : लहानशी असती त तुह्या घशात अटकली नसती.

खुशाल : आमचे साहेब होते सोबत. त्यांना नागपूरला काम होतं, मलाही चला म्हणाले. तसं कुठलं विमान आपल्या नशिबात? म्हटलं, हिलाही घेऊ, मुलांनाही घेऊ. एकदा बसतील तरी. विमान वर चढायला लागलं आणि बारक्यानं जो सूर लावला! कान दुखतात म्हणे लहान मुलांचे. सगळं विमान वळून बघायला लागलं. वच्छला मागच्या रांगेत त्याला पदराखाली घ्यायला बघतेय, तो घेईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मनकर्णा : लेकरू रडलं त तुले लाज वाटली? तू गावच्या गाव उठवत होता. बरं, सुजी कुठी होती?

खुशाल : माझ्या आणि साहेबांच्या मधे. तिला मी आधीच सांगून ठेवलं होतं. विमानात बोलायचं नाही. एक शब्दही नाही.

मनकर्णा : काऊन? बोलल्यानं इमान पडते का?

खुशाल : तसं नाही गं.

मनकर्णा : मंग कसं?

खुशाल : मागे साहेबांकडे जेवायला गेलो होतो. सगळी तिथली मराठी मंडळी होती. भर जेवणात ही ओरडली, ‘बाबा, मले मुताले लागली!’ सगळे हसले. एक बाई म्हणाल्या, किती गोड बोलते, परत म्हण ना. हिनं परत म्हटलं. मग दुसऱ्या कुणीतरी म्हणायला लावलं. ही आपली पाय आवळून म्हणतेय आणि सगळे हसताहेत.

मनकर्णा : न तू?

खुशाल : मीही हसलो.

मनकर्णा : पोरीले नेलं का मंग कोनं मुताले?

खुशाल : वच्छलानं नेलं.

मनकर्णा : हं. इमानाचं सांग.

खुशाल : उतरायची वेळ झाली. सगळ्यांना पट्टे बांधायला लावले. सुजी पाय हलवायला लागली. माझी बाही ओढली. मी म्हटलं, चूप. परत ओढली. मी डोळे वटारले. मग तिनं तोंडावर हात ठेवला तो ठेवलाच.

मनकर्णा : तुले समजलं नाई, तिले का पायजे थे?

खुशाल : मला... तिथं पट्टा बांधलेला...

मनकर्णा : पट्ट्याचं नाई इचारलं.

खुशाल : समजलं होतं, आई. पट्टे बांधायच्या आधीच समजलं होतं. पण साहेबांना उठवावं लागलं असतं. ते विचारणार, काय झालं बेटा? आणि ही परत मोठ्यानं तेच सांगणार. म्हटलं, धरून ठेवेल थोडा वेळ.

मनकर्णा : चार वर्साचं लेकरू.

खुशाल : खुर्ची भिजली. साहेबांच्या पँटीलाही लागलं.

मनकर्णा : साहेब खेकसला का तिच्यावर?

खुशाल : नाही. रुमाल काढून पुसलं. म्हणाले, चालायचंच, लहान आहे. मीच बोललो.

मनकर्णा : का बोलला?

खुशाल : जाऊ दे ना आता.

मनकर्णा : खुशाल.

खुशाल : म्हटलं... साहेब, माफ करा. खेड्यात आजीकडे वाढली. म्हातारी अडाणी आहे, पोरीला काही वळणच लावलं नाही.

मनकर्णा : सुजीच्या पुढं म्हनतलं हे?

खुशाल : सुजीनं ऐकलं ते. तेव्हापासून ती बोलत नाही. आई, मार मला. शिव्या दे.

मनकर्णा : अडाणी त हाओच मी. थे काई खोटं नाई.

खुशाल : आई, मला लाज वाटते गं.

मनकर्णा : पन वळण नाई लावलं म्हनतलं, थे खोटं. इथी आली तवा रोज फराक वल्ला करे न कोपऱ्यात जाऊन बसे. कोनाले सांगे नाई. दोन मयने मांगं लागली मी तिच्या. लागली का सांगाचं, बाई. जोऱ्यानं सांगाचं. आजी चुलीपाशी असो का वावरात, आयकू आलं पायजे. लाजाचं नाई. थेच वळण लावलं होतं मी तिले. थेच दाखोलं तिनं तुह्या साहेबाच्या घरी.

खुशाल : मला माहीत नव्हतं.

मनकर्णा : इचारलं कवा तू? तिले नेलं तवा मोटार सुटाची घाई होती तुले.

खुशाल : मी तुझे पाय धरतो.

मनकर्णा : माहे पाय धरून का होते? मी म्हातारी, दोन दिस रडन न गप होईन. तिच्या तोंडावरचा हात कोन काढन? बोलाव तिले.

खुशाल : बोलावून काय सांगू? वाटेत दहादा समजावलं. मी तोंड उघडलं की ती मान खाली घालते.

मनकर्णा : असा बोलते म्हनून. याच बोलीत तू तिले चूप म्हनतलं न. आता याच बोलीत बोल म्हनशीन, त थे कायले बोलन? घरची बोली उरली का नाई तुह्यापाशी, का थेबी साहेबाले देऊन आला?

खुशाल : उरली आहे.

मनकर्णा : मंग काढ. मी जातो आत.

खुशाल : नोको जाऊ, माय. इथीच बस... सुजे! ए सुजे, इकडं ये व. ये माह्यापाशी. भेऊ नोको, कोनी रागावत नाई. हे पाह्य, आजीबी हाये. बस माह्या मांडीवर. आयक, तुले लागली होती न तू मले सांगून राह्यली होती. म्या आयकलं नाई. बाबा चुकला. तू नाई चुकली. आजीबी नाई चुकली. काढ थो हात.

सुजी : बाबा...

खुशाल : हव. बोल.

सुजी : तुमालेबी आजीसारखं बोलता येते?

खुशाल : येते न.

सुजी : मंग तुमाले कोनं चूप राह्य म्हनतलं होतं?