ल्यूकचा रेडिओ आणि आमची एकांकिका

अहो, मराठी एकांकिका हिंदीत करा असं सांगणारे आम्हाला कुवेतमध्ये भेटले होते! नव्वदच्या दशकातली गोष्ट, तेव्हा आम्ही अबू हलीफाला राहायचो. सगळ्या भारतीयांचं संमेलन होतं, त्यात आमची एकांकिका होती. समितीचे मेहता मला म्हणाले, "भाभी, हिंदी में कीजिए ना, सबको समझेगा." आमच्याच मंडळींनी माना डोलावल्या.

त्याच शुक्रवारी ह्यांच्या रिफायनरीतला ल्यूक जेवायला आला. तो कॅनडाचा, पण घरची भाषा फ्रेंच. सतत शॉर्टवेव्हवर फ्रेंच बातम्या शोधायचा. हे म्हणाले, "तुला इंग्रजी एवढं छान येतं, मग ही खरखर कशाला ऐकतोस?"

ल्यूकने चमचा खाली ठेवला. "पूर्वी आमच्या सरकारी रेडिओवर दोन्ही भाषा आलटूनपालटून लागायच्या. इंग्रजीवाल्यांनी ओरड केली, आमच्या घरात फ्रेंच नको. आम्ही म्हटलं, ठीक आहे, मग आमची केंद्रं वेगळी करा. ती झाली. त्यांवर फ्रेंच नाटकं लागायची तेव्हा अख्खं गाव ऐकत बसायचं."

मी जेवण तसंच टाकून मेहतांना फोन लावला. "नाटक मराठीतच होईल. नाहीतर कार्यक्रमातून आमचं नाव काढून टाका."

झालं मराठीतच. अर्धा हॉल चहाला उठून गेला. ल्यूक मात्र पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसला. मेहतांनी त्याला खोचकपणे विचारलं, "काय समजलं?"

"एक शब्दही नाही," ल्यूक म्हणाला. "पण ते माझ्यासाठी बोलतच नव्हते."