सकाळची दहा मिनिटं

छातीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. त्यांच्या लेकीला एक्स-रेसाठी आत नेलं होतं आणि नवऱ्याचा पाय सारखा हलत होता.

"पाय हलवू नका हो."

"मग तिच्या खोकल्याचं खापर उगाच माझ्या गाडीवर फोडू नकोस. इंजिनं तपासण्यात बारा वर्षं घालवलीत मी."

"मी नुसतं विचारलं."

"इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल घालतो आपण. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे काजळी कमी होते. परवाच प्रयोगशाळेत धुरापुढे फिल्टर धरला, पांढराशुभ्र निघाला!"

"कधी धरलात?"

"दुपारी, इंजिन चांगलं तापल्यावर. तशीच पद्धत आहे आमची."

"आणि घरी गाडी कधी चालू करता?"

"सकाळी सहाला."

"तेव्हा तापलेलं असतं?"

"रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन तापलेलं कसं असेल?"

"मग?"

"गार इंजिनात इथेनॉलची लवकर वाफ होत नाही. इंधन आतल्या भिंतींना ओलंच चिकटून राहतं, मग... मग काजळी उलट वाढूही शकते. पण दहा मिनिटांत गरम होतं ते."

"तिच्या खिडकीखाली."

"खिडकी बंद असते तिची."

"उघडी असते. तुम्हाला टाटा करायचा असतो तिला."

तेवढ्यात नर्सने दार उघडलं. "झालं हं. पाच मिनिटांत घेऊन जा तिला."

तो सवयीने उठला.

"तू ये तिला घेऊन. मी तोवर गाडी चालू करून..."

तिने किल्लीसाठी हात पुढे केला.