उजव्या हाताचे मास्तर

नणंद : अगं वहिनी, उचल ना तो ठोकळ्यावरचा कागद! मास्तर जिन्यापाशी आलेसुद्धा.

वहिनी : थांब गं. उद्या प्रदर्शन, आणि दर्शनी भिंत मी या एका छापासाठी रिकामी ठेवलीय. लाकूड कोरायला शिकवलं त्यांनी, पण आजवर माझ्या एकाही छापाला ‘चालेल’ म्हणाले नाहीत. स्वतःच्या चेहऱ्याला नाही म्हणाले, तर त्या भिंतीशी मीच उभी राहते!

नणंद : राहा. खिळा वाचेल. ओढ आता!

वहिनी : ओढते... अय्या, आले गं! भुवया आल्या, कानावरचे केससुद्धा आले!

नणंद : हुबेहूब! आता बोलतील बघ, ‘रेघ जाड झाली’ म्हणून. पण वहिनी, मास्तर डावखुरे ना?

वहिनी : पक्के. का गं?

नणंद : मग छापात कोरणी उजव्या हातात कशी?

वहिनी : छापताना सगळं उलटतं, म्हणून मी आरशात बघून त्यांना रेखाटलं होतं. म्हणजे आधीच उलटं. मग ते लाकडावर उतरवताना... अगं बाई! सवयीनं कागद पालथा घातला मी! उलट्याचं पुन्हा सुलट, आणि छापताना परत उलट!

नणंद : आई गं, पोट दुखलं माझं!

वहिनी : हसू नकोस! मेले, मलाही हसू येतंय.

मास्तर : काय खिदळताय गं दोघी? खाली रस्त्यावर ऐकू येतंय.

(वहिनी हात पसरून छापासमोर उभी राहते.)

मास्तर : सरक. शाई ओली आहे, बाही भरेल. हं... हे केस त्या पाखरंवाल्या छापकाराचे. माझ्या भिंतीवरचा त्याचा पिसांचा छाप नाकाला लावून बघायचीस.

वहिनी : रेघा त्याच्याच उचलल्या, मास्तर.

मास्तर : आणि मागचा काळोख त्या खाणींची चित्रं कोरणाऱ्या बाईचा.

वहिनी : तिचाच.

नणंद : नाक मात्र तुमचंच हं, मास्तर. त्यावर कुणाचा दावा नाही.

मास्तर : तू गप. नाक माझं, केस त्याचे, काळोख तिचा. मग यात तुझं काय?

वहिनी : माझं... तो उजवा हात. तेवढी चूक माझी एकटीची.

मास्तर : उजवा? चष्मा दे बघू... अरेच्चा! आईनं डाव्या हाताला फडकं बांधून ठेवलं, शाळेत पट्ट्या खाल्ल्या, तरी हा हात काही वळला नाही. तू एका दाबात वळवलास की!

वहिनी : नवा ठोकळा कोरायला आता वेळ नाही. नकोच ना लावू?

मास्तर : लाव. चालेल.

नणंद : वहिनी, म्हणाले! अगं म्हणाले! आणि तू रडतेस काय, वेडे!

मास्तर : आणि अजून एक छाप काढ. मला हवाय.

वहिनी : तुमच्या भिंतीवर? पाखरंवाल्याच्या शेजारी?

मास्तर : छे, तिथे पोचायला तुला अवकाश आहे अजून. आईच्या फोटोपुढे ठेवतो. बघू दे तिला एकदा.