सहावा शत्रू आणि उत्तराचं क्लिनिक

पूर्वरंग झाला, पाणी पिऊन झालं, आता मंडळी, जरा सैल बसा. पुढच्यांनी थोडं पुढं सरका, मागं खांबाला टेकून बायका उभ्या आहेत, त्यांना जागा करून द्या. पेटीवाले, सूर धरून ठेवा, पण हळू. आता गोष्ट सांगायची आहे.

मघाशी आपण सहा शत्रूंची नावं घेतली. काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि सहावा मत्सर. सगळ्यांच्या मागं, शेवटच्या बाकावर बसणारा. पण पाहा, लोभी माणसाला निदान वस्तू मिळते. रागीट माणसाला ओरडून निदान मोकळं वाटतं. मत्सर करणाऱ्याला काय मिळतं? जेवणाची चव जाते, झोप जाते, आणि समोरचा आपला मजेत असतो. तुम्ही म्हणाल, बुवा, हे ठाऊक आहे आम्हाला, जळणारा स्वतःच जळतो. इथंच माझा प्रश्न आहे. खरंच तो एकटाच जळतो का? मत्सर करतो एक, ज्याचा करतो तो दुसरा, मग त्याचा चटका बसतो कुणाला? मनात उत्तर तयार ठेवा. मी गोष्ट सांगतो.

मिरजेत एक बाई होत्या, उत्तरा कुळथे. नावं बदललीत बरं का मंडळी, आणि ती का बदललीत ते पुढं कळेल. या बाई समुपदेशक. मन दुखतं तेव्हा ज्यांच्यासमोर बसून बोलायचं, त्या. आता त्या आपल्या गोष्टीत आल्या, म्हणजे घरच्या झाल्या, म्हणून मी नुसतं उत्तरा म्हणतो.

उत्तरानं एका मोठ्या दवाखान्यात अकरा वर्षं हे काम केलं. हात इतका चांगला, की रडणाऱ्या माणसासमोर किती वेळ गप्प बसायचं हे तिच्याकडून शिकावं. आणि शिकलीच एक जण. रेवती भणगे. उत्तराहून नऊ वर्षांनी लहान, तिच्याच हाताखाली तयार झालेली. "ताई, मला हे जमेल का?" असं दर आठवड्याला विचारणारी.

ती रेवती दीड वर्षापूर्वी दवाखाना सोडून गेली आणि सांगलीत स्वतःचं क्लिनिक काढून बसली. आणि चाललं की हो ते. असं चाललं, की तीन-तीन आठवडे वेळ मिळेना. उत्तराला आनंद झाला का? झाला ना. पहिले दोन महिने झाला.

मग एका लग्नात पंगतीत शेजारची बाई म्हणाली, "तुम्ही पण तेच काम करता ना, त्या भणगे मॅडमसारखं?"

भणगे मॅडमसारखं. उत्तरा हसली. "हो," म्हणाली. पानातली जिलबी तशीच राहिली. जिला आपण बोट धरून शिकवलं, तिच्यासारखं काम आपण करतो. आणि पुढच्या महिन्यात तिनं दवाखान्याचा राजीनामा दिला.

बाहेर सगळ्यांना सांगितलं, स्वतःचं काहीतरी करायचं होतं. खरंही होतं ते. पण मंडळी, मत्सर असाच येतो. खऱ्या कारणाचं बोट धरून येतो, म्हणून दारात कुणी अडवत नाही त्याला.

जागा मिळाली. दोन खुर्च्या आल्या, पडदे आले. राहिलं एक. सॉफ्टवेअर. आमच्या आजोबांच्या पिशवीत एक वही असायची, कुठल्या गावी कुठल्या तिथीला कीर्तन, ते त्यात लिहिलेलं. हेही तसंच, फक्त संगणकात. कोण कधी येणार, मागच्या वेळी काय बोलणं झालं, पावती, सगळं एका जागी. त्यात मनाच्या दवाखान्याचं विशेष असं, की आत जे लिहिलंय ते दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडता कामा नये.

नवरा श्रीनिवास साधा माणूस, वीज मंडळात नोकरीला. त्यानं दोन-तीन सॉफ्टवेअर पाहून ठेवली होती. एक अगदी छोटं. वेळा लिहा, टिपणं लिहा, कुलूप लावा, संपलं.

तो म्हणाला, "अगं, सुरुवातीला तुझ्याकडं दिवसाला तीन-चार माणसं येतील. हे पुरे आहे. तुला नक्की काय काय लागणार आहे, ते आधी एका कागदावर लिही."

उत्तरानं विचारलं, "रेवतीकडं कुठलं आहे?"

"तिच्याकडं कुठलं का असेना."

"तसं नाही. ती काय वापरते ते बघायला नको?"

बघा मंडळी. आपल्याला काय लागतं, हा प्रश्न होता. तो कागदावर आलाच नाही. दुसरीकडं काय आहे, हा प्रश्न त्याच्या जागी येऊन बसला. आपल्याकडं फ्रीज कसा ठरतो? सुनेला विचारून? नाही हो, शेजारणीच्या स्वयंपाकघरात डोकावून. हसू नका, मी पण तसाच घेतलाय.

तर उत्तरा सांगलीला गेली, रेवतीच्या क्लिनिकमध्ये. रेवतीनं दारातच तिला मिठी मारली. चहा मागवला, संगणक उघडला आणि म्हणाली, "बघा ताई, विचारा काय विचारायचं ते."

पडद्यावर आठवड्याचं पान होतं. माणसांची नावं नव्हती, नुसती अक्षरं. प्रत्येक वेळेच्या जागी एक रंगीत चौकोन. रेवती सांगत होती, "हे फार मोठं आहे ताई, मलाही सगळं लागत नाही. टिपणं इथं. पावती इथं. आणि हे रिमाइंडरचं नीट ऐका, हे आल्या आल्या बंद करून टाका. नाहीतर ते आपोआप मेसेज पाठवत सुटतं. प्रत्येकाला विचारायचं, मेसेज चालेल का, कुठल्या नंबरवर, त्यात काय लिहिलेलं चालेल. मगच चालू करायचं."

ती बोलत होती आणि उत्तरा काय करत होती? चौकोन मोजत होती. सोमवारी सहा. मंगळवारी पाच. बुधवारी सात. शनिवारपर्यंत एकतीस झाले. रेवतीचे ओठ हलताना तिला दिसत होते. शब्द कानावरून वाहून जात होते.

"कळलं ना ताई?"

"हो, कळलं," उत्तरा म्हणाली.

दोन दिवसांत तिनं तेच सॉफ्टवेअर घेतलं, तेही सगळ्यात वरच्या दर्जाचं, रेवतीच्यापेक्षा एक पायरी वर. विकणाऱ्या बाई फोनवर सगळं समजावत होत्या. उत्तरानं त्यांना एकच विचारलं, "आणखी कुणाला न दिलेलं असं यात काय आहे?"

मग ती ते लावायला बसली. एकेक प्रश्न पडद्यावर येत होता. संदेश आपोआप जावेत का? होय. सगळ्यांना? होय. संदेशात काय लिहायचं? इथं मात्र ती थांबली. दोन नमुने होते. एकात नुसतं 'उद्या चार वाजता भेट', बाकी काही नाही. दुसऱ्यात उत्तराचं संपूर्ण नाव, क्लिनिकचं नाव, पत्ता, कामाचं स्वरूप. उत्तराच्या मनात आलं, हे नाव फोनमध्ये दिसेल. चार जणांच्या डोळ्यांखालून जाईल. मिरजेतल्या लोकांना कळेल, की भणगे मॅडम सोडून आणखी कुणीतरी आहे. तिनं दुसरा नमुना निवडला.

आता कांचन. ही तिशीतली बाई, उत्तराच्या पहिल्या महिन्यातली. एका शाळेत नोकरीला. तिचं दुःख काय, ते मी सांगणार नाही. मला ठाऊकच नाही. उत्तरानं मला सगळी गोष्ट सांगितली, स्वतःला काही झाकलं नाही, पण तिथं आल्यावर गप्प बसली. म्हणाली, "बुवा, ते माझं नाही, तिचं आहे." एवढंच सांगितलं, की कांचन शिवणाच्या क्लासला जाते असं घरी सांगून यायची. दोन वेळा आली. दुसऱ्या वेळी जाताना दारात थांबून म्हणाली, "मॅडम, दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला मधे न तोडता ऐकलं."

तिसऱ्या वेळी ती आली नाही. चार वाजले, सव्वाचार झाले. रिकाम्या खुर्चीसमोर उत्तरा तासभर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फोनवरून तिचा आवाज आला, अगदी हळू.

"मॅडम, तुमचा मेसेज घरच्या फोनवर आला. सासऱ्यांनी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. कांचन, आपले मानसोपचाराचे तिसरे सत्र उद्या चार वाजता. खाली तुमचं नाव, पत्ता, सगळं."

"कांचन, मी..."

"त्यांनी विचारलं, आमच्या घरातलं काय काय सांगून आलीस. आता शाळेत सोडायला आणि न्यायला दीर येतात. मॅडम, मी तुमच्यावर रागावले नाही. पण आता फोन करू नका. पुन्हा मेसेज पाठवू नका."

आणि फोन बंद झाला.

उत्तरानं आधी काय केलं? आपण जे करतो तेच. दुसऱ्याला धरलं. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला, आवाज चढवला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या नोंदीत दोन्ही ठिकाणी 'होय' केलेलं आहे. संदेशाचा नमुनाही तुम्हीच निवडलाय."

मग तिनं कपाट उघडून कांचननं पहिल्या दिवशी भरलेला कागद काढला. नंबर होता. आणि नंबराशेजारी बारीक अक्षरात, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: घरचा आहे, यावर काही नको. हे वाचलं होतं तिनं. तरी कांचनच्या दुसऱ्या भेटीनंतर सगळ्यांचे नंबर एकदम संगणकात चढवले, त्यात हाही भरला होता. संगणकात नंबराला चौकट होती, त्या शब्दांना नव्हती. आणि ती घाईत होती, कारण आठवड्याचं पान लवकर रंगीत दिसायला हवं होतं.

त्या संध्याकाळी ती सांगलीला गेली. रेवती क्लिनिक बंद करत होती. उत्तरानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मेसेजचं, कागदाचं, आणि चौकोन मोजल्याचंही. तेही सांगितलं. लग्नातल्या पंगतीपासून सांगितलं.

तुम्हाला वाटेल, रेवतीनं तिला जवळ घेतलं. नाही मंडळी. रेवतीनं हातातली किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "मला कळत होतं ताई. तुम्ही त्या दिवशी ऐकत नव्हता. मी पुन्हा सांगायला हवं होतं. मला अपमान वाटला, म्हणून नाही सांगितलं." आणि मग तिचा आवाज कठीण झाला. "माझा हेवा करायचाय तर करा. त्यानं माझं काही बिघडत नाही. पण त्या बाईनं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"मी तिच्या शाळेत जाऊ का?" उत्तरानं विचारलं. "माफी मागते."

"नको. ती नको म्हणालीय ना. निदान हे तरी ऐका."

दुसऱ्या दिवसापासून उत्तरानं एकेकाला विचारायला सुरुवात केली. जे समोर यायचे त्यांना समोर, ज्यांनी फोनला परवानगी दिली होती त्यांना फोनवर. 'माझ्याकडून चूक झाली होती, तुमच्या नंबरवर असा मेसेज गेला आहे, कुणी पाहिला का?' असं स्वतः सांगायचं, म्हणजे काय होतं कल्पना करा. दोघं जण तिथंच उठून गेले, पुन्हा आले नाहीत. मोठं सॉफ्टवेअर तिनं बंद केलं आणि श्रीनिवासनं दाखवलेलं ते छोटं घेतलं. त्यातून आपण पाठवल्याशिवाय काही बाहेर जात नाही. घेण्याआधी कागदावर लिहून काढलं, मला काय लागतं. पहिली ओळ अशी होती, की माझ्याकडं येणाऱ्या माणसाला काय लागतं.

चार महिने गेले. एका दुपारी फोन वाजला, नंबर ओळखीचा नव्हता.

"मॅडम, मी कांचन. हा माझा स्वतःचा फोन आहे, नवा. आईनं घेऊन दिला. घरी बोलणं झालं, खूप भांडण झालं, पण झालं. मला पुन्हा सुरू करायचंय."

उत्तराच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "ये ना. केव्हाही ये."

मग कांचन म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. तुमच्याकडं यायला आता भीती वाटते. दुसरं कुणी चांगलं असेल तर सांगाल का?"

मंडळी, पेटी थांबवा क्षणभर. उत्तराच्या जागी बसून बघा. दुसरं चांगलं कोण आहे, हे उत्तराला पुरतं ठाऊक होतं. ते नाव घेणं म्हणजे आपल्या हातानं आपल्यापुढं कुणालातरी बसवणं. ती मला म्हणाली, "बुवा, खोटं कशाला सांगू, तेव्हाही बोचलं. चार महिने रडून, माफी मागूनसुद्धा बोचलं. मिरजेत आणखी दोघं जण आहेत, बरे आहेत, त्यांची नावं ओठावर आली होती."

"मग?" मी विचारलं.

"मग मी म्हटलं, सांगलीत रेवती भणगे आहेत. माझ्यापेक्षा चांगल्या आहेत. नंबर लिहून घे. आणि पहिल्यांदा जाशील तेव्हा त्या विचारतील, मेसेज चालेल का. मनात असेल ते बिनधास्त सांग. त्या ऐकतात."

कांचन गेली रेवतीकडं. अजून जाते, असं म्हणतात. पुढचं उत्तराला माहीत नाही, कारण रेवती सांगत नाही आणि उत्तरा विचारत नाही.

आता सांगा मंडळी, चटका बसला कुणाला? रेवतीचं काही गेलं नाही. उत्तराही सावरली. भोगलं त्या तिसरीनं, जिला या दोघींमधलं काही ठाऊकसुद्धा नव्हतं.

तुमच्याकडं नसेल क्लिनिक. पण जाऊबाईंच्या मुलाला पंचाण्णव टक्के मिळाले, म्हणून तुमच्या मुलाला तुम्ही कुठल्या शिकवणीला बसवलंत? भावानं माडी चढवली, म्हणून कर्ज काढलंत, तेव्हा बायकोचं कुठलं दुखणं पुढं ढकललंत? घरी जाताना दुसऱ्याचं काय आहे ते मोजू नका. तुम्ही मोजत होतात तेव्हा तुमच्याजवळ कोण उभं होतं आणि ते काय सांगत होतं, तेवढं आठवा. आठवलं तर आज रात्री नको, उद्या सकाळी नको, आत्ताच, या मंडपातून बाहेर पडताना त्या माणसाचा हात धरा आणि विचारा, तू तेव्हा काय म्हणत होतास?

तबलजी, घ्या ठेका. सगळ्यांनी मिळून देवाचं नाव घेऊ. आणि माउली, आज शेजारच्यापेक्षा मोठ्यानं घेऊ नका.